कुलूपबंद घराच्या छतावर सौर पॅनल : पैसा वसूल होतो काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर' ही मोफत विजेची योजना सुरू केली. तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यात गावोगावी छतांवर काळे-निळे पॅनल दिसू लागले आहेत. जो माणूस बारा महिने त्याच घरात राहतो आणि महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट वीज जाळतो, त्याच्यासाठी हा सौदा चांगला आहे. त्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. परंतु आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी पुष्कळांची गोष्ट वेगळी आहे. धंदा मुंबईत, भिवंडीत, सुरतेत किंवा छत्रपती संभाजीनगरात, आणि वडिलोपार्जित घर मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखली नाही तर मेहकरला. घराला वर्षातले नऊ-दहा महिने कुलूप. मुलांच्या शाळेला सुटी लागली, ईद आली किंवा खानदानात लग्न निघाले की घर उघडते, झाडलोट होते, कूलरमध्ये पाणी भरले जाते आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कुलूप.

अशा घरावर लाखभर रुपये घालावेत काय? पॅनल विकणारा सांगतो, "भाऊ, घर बंद असले तरी ऊन थोडेच बंद आहे? मीटर उलटे फिरत राहील." हे बोलणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे त्याने सांगितलेले नसते, आणि नफा-नुकसान तेथेच ठरते.

आधी नेट मीटर म्हणजे काय ते समजून घेऊ. दिवसा पॅनलने वीज तयार केली आणि घरात कोणी नसले तर ती वीज महावितरणच्या तारेत जाते. मीटर ती युनिटे मोजून आपल्या खात्यावर जमा करते. पुढच्या महिन्यात आपण जास्त वीज वापरली तर जमा युनिटे त्यातून वजा होतात. युनिटाच्या बदल्यात युनिट, भावाचा प्रश्न नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचा आणि गरज पडली की तेवढाच माल उचलायचा. गोदामाचे भाडे नाही, घट नाही. येथपर्यंत विकणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे.

पण या गोदामाला वर्षातून एकदा टाळे लागते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार आर्थिक वर्ष संपले की, म्हणजे ३१ मार्चला, शिल्लक राहिलेली युनिटे पुढच्या वर्षात जात नाहीत. महावितरण ती आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खात्यावरील युनिटे शून्य होतात. हा खरेदीचा दर आपण ज्या दराने बिल भरतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. या लेखात हिशेबापुरता तो तीन रुपये युनिट धरला आहे. प्रत्यक्षात दर बदलत राहतो, म्हणून त्या-त्या वर्षाचा दर आपल्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्यावा.

आता आपली माणसे गावी कधी येतात ते आठवा. शाळा-कॉलेजला सुटी लागते एप्रिल-मे महिन्यात. म्हणजे जून ते मार्च असे दहा महिने पॅनलने जी वीज साठवली ती ३१ मार्चला स्वस्तात गेली, आणि १ एप्रिलनंतर रिकाम्या खात्यावर आपण घर उघडून कूलर आणि एसी चालू केले. आपलाच माल तीन रुपयांत विकायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी तोच माल तेरा ते अठरा रुपयांत परत घ्यायचा. कापडाच्या धंद्यात कोणी असा व्यवहार केला तर त्याला लोक काय म्हणतील हे सांगायला नको.

एकच घर, एकच पॅनल, दोन हिशेब

तोंडी बोलण्यापेक्षा आकडे मांडू. दर २०२४-२५ च्या दरपत्रकाचे घेतले आहेत. त्यानंतर दरांत बदल झाले आहेत, म्हणून वाचकांनी आपले ताजे बिल समोर ठेवून हेच गणित पुन्हा करावे. पद्धत तीच राहील. त्या वर्षी घरगुती ग्राहकाला वहन आकारासह पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार येथे धरलेला नाही.

एक किलोवॉटचे पॅनल आपल्या भागात वर्षाला साधारण १४०० युनिट देते असे धरू. उन्हाळ्यात महिन्याला सव्वाशे-एकशेतीस, आषाढ-श्रावणात ऐंशी-पंचाऐंशी. पुष्कळांचा समज असा की मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात पॅनल सर्वांत जास्त वीज देत असेल. तसे नाही. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. काच तापली की उत्पादन कमी होते. त्यामुळे मार्च महिना मेपेक्षा सरस निघू शकतो.

समजा, एक कुटुंब एप्रिल आणि मे असे दोन महिने मलकापूरच्या घरी राहते आणि महिन्याला ४५० युनिट वापरते. बाकीचे दहा महिने घर बंद, बाहेरचा एखादा दिवा धरून महिन्याला १० युनिट. पॅनल नसताना ४५० युनिटांच्या महिन्याला स्थिर आकार सोडून ६०७६ रुपये होतात. दोन महिन्यांचे १२,१५२ आणि इतर दहा महिन्यांचे मिळून सुमारे ६८० रुपये.

आता एक किलोवॉट बसवले. एप्रिलमध्ये ४५० वापर, १३० तयार, निव्वळ ३२०. बिल ३७०५ रुपये. बचत महिन्याला २३७१, दोन महिन्यांची ४७४२. जून ते मार्च ११४० युनिट तयार झाली, १०० वापरली, उरलेली १०४० युनिटे ३१ मार्चला तीन रुपयांनी गेली, त्याचे ३१२० रुपये. त्यात बंद महिन्यांचे ६८० वाचले. एकूण फायदा वर्षाला ८५४२ रुपये.

दुसरे कुटुंब घ्या. घर तसेच, पॅनल तेवढेच, वापरही तेवढाच; फक्त ते लोक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. घरात लग्नकार्य, पाहुण्यांची वर्दळ, गिझर, मांडवाचे दिवे. (थंडीत एसी लागत नाही हे मान्य, पण तुलना कळावी म्हणून वापर सारखाच ठेवला आहे.) एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत ७६० युनिट तयार झाली, ७० खर्ची पडली, ६९० खात्यावर जमा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणखी २५० आली. एकूण ९४०. दोन महिन्यांचा ९०० युनिटांचा वापर त्यात पूर्ण बसला. म्हणजे १२,१५२ रुपयांचे बिल शून्य झाले. बंद महिन्यांचे ६८० वाचले, आणि मार्चअखेर उरलेल्या सुमारे ४०० युनिटांचे १२०० रुपये. एकूण जवळजवळ १४,००० रुपये.

पहिल्या कुटुंबाला साडेआठ हजार, दुसऱ्याला चौदा हजार. फरक ना उन्हात आहे, ना यंत्रात. फरक फक्त घर कोणत्या महिन्यात उघडते यात आहे. म्हणून पॅनलचा भाव विचारण्याआधी मागच्या तीन वर्षांत आपण कोणत्या तारखेला गावी आलो आणि कोणत्या तारखेला परतलो, ते कागदावर लिहून काढावे. ज्याच्याकडे जुनी बिले आहेत त्याला तीच पुरेत. महिन्यावार वापर त्यावर छापलेला असतो.

येथे ईदची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा या हिशेबाशी थेट संबंध आहे. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. ईदुल फित्र २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये नेमकी ३१ मार्चला. जे लोक रमजानचा महिना गावी काढतात त्यांचा वापर २०२३ साली दोन-तृतीयांशाहून जास्त नव्या वर्षात, म्हणजे रिकाम्या खात्यात पडत होता. आता रमजान मार्चच्या अलीकडे सरकला आहे आणि पुढची काही वर्षे फेब्रुवारी, जानेवारी असा हिवाळ्याकडेच सरकत जाईल. त्या वेळी खात्यावर वर्षभराची शिल्लक, एक किलोवॉटच्या मानाने हजाराच्या आसपास युनिटे, पडलेली असेल. सहरीपासून तरावीहपर्यंत घरात दिवे, पंखे, फ्रीज चालू राहिले तरी ती वीज त्या शिल्लकेतून जाईल. तेव्हा रमजानला येणाऱ्यांचे गणित सध्या सुटीत येणाऱ्यांपेक्षा चांगले आहे. ज्यांना दोन्हींपैकी एकच वेळ साधता येते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तीन किलोवॉटचा मोह

योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,०००. विकणारा साहजिकच ७८,००० चा आकडा पुढे करतो. पण दुकानात उभे राहून विचार करा : जास्त सूट मिळते म्हणून जो माल खपणारच नाही तो आपण तिप्पट उचलतो काय?

भाव गावोगावी वेगळे आहेत. येथे एक किलोवॉटला ६५,००० आणि तीन किलोवॉटला १,८०,००० धरले आहेत. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधीचे जुने कोटेशन कोणी दाखवत असेल तर नवे मागावे.) अनुदान वजा जाता पदरचे ३५,००० आणि १,०२,००० रुपये.

उन्हाळ्यात येणाऱ्या वरील कुटुंबाने तीन किलोवॉट बसवले तर एप्रिल-मेचे बिल जवळजवळ संपते. बंद महिन्यांचे ६८० धरून सुमारे १२,००० रुपये वाचतात. शिवाय ३१ मार्चला ३३२० युनिटे शिल्लक, त्यांचे ९९६० रुपये. कागदावर वर्षाचा फायदा २२,००० दिसतो आणि पावणेपाच वर्षांत रक्कम वसूल झालेली दिसते. पण हे दहा हजार रुपये कोणत्या रूपाने मिळणार? बिलात जमा म्हणून दिसणार असतील तर ते वळते करायला बिल तरी पाहिजे. या घराचे उरलेले बिल म्हणजे वर्षभराचा स्थिर आकार, शुल्कासह पावणेदोन हजारांच्या आसपास, आणि उन्हाळ्यातले आठशे रुपये. म्हणजे जमेपैकी जेमतेम छब्बीसशे रुपये कामी आले, बाकी रक्कम पुस्तकातच राहिली. तसे झाले तर खरा फायदा वर्षाला साडेचौदा हजार, आणि वसुलीला सात वर्षे. त्याच घरावर एक किलोवॉट बसवले तर मार्चअखेरचे ३१२० रुपये एप्रिल-मेच्या बिलातच खपतात आणि ३५,००० रुपये चार वर्षांच्या थोडे पुढे वसूल होतात. तेव्हा शिल्लक युनिटांची रक्कम बँकेत येते की बिलात जमा होते, हा प्रश्न सही करण्याआधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

माझे मत असे की अधूनमधून उघडणाऱ्या घराला एक किलोवॉटपेक्षा मोठा संच सहसा घेऊ नये. तुलनेसाठी सांगतो : बारा महिने ३०० युनिट वापरणाऱ्या घराचे वर्षाचे ४०,००० रुपये तीन किलोवॉट वाचवते आणि अडीच वर्षांत मोकळे होते. ७८,००० चे अनुदान शोभते ते त्या घराला.

ज्यांचे घर दर शनिवार-रविवारी उघडते, म्हणजे दुकान अकोल्याला किंवा जालन्याला आणि बायका-मुले किंवा म्हातारी माणसे अधूनमधून चिखली-देऊळगावराजाला, त्यांचा वापर महिन्याला ६०-७० युनिट असतो. तो सगळा स्वस्तातल्या पहिल्या टप्प्यात मोडतो. त्यांना एक किलोवॉटचे वर्षाला सात-साडेसात हजार मिळतात, वसुली पावणेपाच वर्षांत. वाईट नाही. घाईही नाही.

आणि जे लोक आखाती देशांत आहेत, दोन-तीन वर्षांतून एकदा येतात, त्यांनी हा विचार सोडून द्यावा. त्यांच्या बंद घराला वळते करण्यासारखे बिल म्हणजे फक्त स्थिर आकार. पावणेदोन हजारांसाठी पस्तीस हजार घातले तर वीस वर्षे लागतील, आणि त्यात मध्येच इन्व्हर्टर बदलावा लागेल.

कुलूप लावताना मेन स्विच

आतापर्यंतचा हिशेब संच रोज चालू आहे असे धरून केला. बंद घरात नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडे वाडवडिलांपासून सवय आहे : गावाला निघताना गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. सवय चांगली आहे. परंतु छतावरचा संच महावितरणच्या तारेशी जोडलेला असतो आणि तारेत वीज असली तरच त्याचा इन्व्हर्टर चालतो. तारेत वीज नाही असे दिसले की तो आपोआप थांबतो. हे मुद्दाम केलेले आहे. नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. संचाची जोडणी घराच्या मेन स्विचच्या आत असेल तर आपण तो स्विच पाडून एसटीत बसलो की त्याच क्षणी उत्पादन बंद. दहा महिने छतावर ऊन पडेल आणि खात्यावर एक युनिट येणार नाही. म्हणून बसवतानाच सांगावे की सौरची जोडणी मीटरकडच्या बाजूने वेगळ्या स्विचवर द्या, म्हणजे घरातला मेन बंद ठेवूनही संच चालू राहील. कोणता स्विच पाडायचा आणि कोणता नाही, हे भिंतीवर मराठीत किंवा उर्दूत रंगवून ठेवावे. घर बंद करणारा नेहमी तोच माणूस असतो असे नाही.

याच कारणाने दुसरा एक गैरसमजही काढून टाकला पाहिजे. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वाटते की सौर बसवले म्हणजे लाइट गेली तरी घरात उजेड राहील. बॅटरीविना जोडलेला संच लाइट गेली की तोही गप्प बसतो. बॅटरी हवी तर खर्च वेगळा. आणि बंद घरात शिसे-आम्लाची बॅटरी महिनोन्महिने लक्ष न देता पडून राहिली तर ती खराब होते. सुटीत आल्यावर पहिला खर्च तिचाच निघतो. वर्षात दोन महिन्यांसाठी बॅटरीच्या भानगडीत न पडलेले बरे.

मेन चालू ठेवला तरी पावसाळ्यात एखाद्या कडकडाटाने संचाचा एमसीबी पडतो. राहत्या घरात कोणीतरी तो संध्याकाळी वर करतो. बंद घरात तो पुढच्या सुटीपर्यंत पडूनच राहतो. इन्व्हर्टरचे उत्पादन मोबाइलवर दिसण्याची सोय असते, पण त्यासाठी घरात इंटरनेट किंवा सिम चालू राहिले पाहिजे. त्याचा खर्च हिशेबात धरा. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे दर महिन्याचे बिल मोबाइलवर पाहणे. जमा युनिटांचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा वाढला नसेल तर कोठेतरी काही पडले आहे. शेजाऱ्याला किंवा चुलतभावाला फोन करा.

धुळीचेही तसेच. खामगावात जिनिंगच्या हंगामात हवेत जो कापसाचा तूस आणि धूळ असते ती पॅनलवर बसते आणि दवाने चिकटते. पावसाळ्यात आपोआप धुतली जाते, पण दिवाळीपासून जूनपर्यंत पंधरा-वीस दिवसांतून एकदा कोणीतरी पाणी मारले पाहिजे, तेही सकाळी काच थंड असताना. वानरांच्या टोळ्या येणाऱ्या गावांत पॅनलवर उड्या पडतात, त्याचीही तजवीज पाहावी. पूर्णाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी मिळाले नाही तर अर्थिंग कमजोर होते. बंद घरात पाणी घालणार कोण? रासायनिक अर्थिंगला थोडे जास्त पैसे पडतात, पण अशा घराला तेच बरे. आणि घर जुने धाब्याचे असेल, मातीचे छप्पर असेल, तर प्रश्नच मिटला. त्यावर लोखंडी सांगाडा आणि वळवाचा वारा एकत्र नांदत नाहीत.

खरे पाहता या सर्वांवर एकच उपाय आहे, तो म्हणजे घरात माणूस. एखादा होतकरू शिंपी, जरीकाम करणारा, सायकल दुरुस्तीवाला कुटुंबासह एका बाजूच्या दोन खोल्यांत भाड्याने ठेवला तर महिन्याला १२० युनिट वापर होईल. एक किलोवॉट ते जवळजवळ सगळे भागवते आणि वर्षाला अकरा हजारांच्या आसपास वाचतात. वसुली सव्वातीन वर्षांत. एमसीबी वर करणारा आहे, पॅनल पुसणारा आहे, घराला वाळवी लागत नाही. वीज भाड्यात धरायची की वेगळी घ्यायची ते आधी ठरवावे. त्याने घरात मशीन चालवून धंदा करायचा असेल तर घरगुती जोडणीवर ते चालते काय आणि किती, हे महावितरणला विचारून घ्यावे. स्वतः घरी येण्याच्या दिवसांत त्याची अडचण होईल म्हणून बरेच लोक भाडेकरू ठेवत नाहीत. त्यांनी मग पॅनलचीही फार आशा धरू नये.

मीटर कोणाच्या नावावर?

बहुतेक वडिलोपार्जित घरांत मीटर अजून आजोबांच्या किंवा मरहूम वडिलांच्या नावावर आहे. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यावर येते, तेही संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यानंतर. म्हणजे आधी पूर्ण रक्कम आपल्या खिशातून जाते. नाव आणि खाते जुळले नाही तर अर्ज अडकतो. नाव बदलायला वारसांची संमती लागते, आणि वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत, बहिणींचाही त्या छतात हिस्सा आहे. पुष्कळ घरांत वाटणी झालेली नसते, आणि एक भाऊ मुंबईहून पैसे पाठवून पॅनल बसवतो. चार वर्षांनी वाटणीची वेळ आली की पॅनल कोणाचे, जमा युनिटे कोणाची, आणि ज्याच्या वाट्याला ती खोली आली त्याने छत मोकळे मागितले तर काय, असे प्रश्न उभे राहतात. पॅनलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे. तेवढा काळ वाटणी थांबत नाही. पैसे कोणी घातले, फायदा कोणी घ्यायचा आणि संच हलवायचा झाला तर खर्च कोणाचा, हे सर्व हिस्सेदारांच्या सहीने साध्या कागदावर लिहून ठेवावे. ज्या घरात हा कागद होऊ शकत नाही, त्या घराच्या छतावर पैसा घालू नये, हिशेब कितीही चांगला दिसत असला तरी.

राहिले पैसे कोठून आणायचे. योजनेत तीन किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय बँकेचे कर्ज मिळते. जे व्याजाचा व्यवहार करत नाहीत त्यांना तो रस्ता नाही. जे करतात त्यांनी व्याजाची रक्कम वर्षाच्या फायद्यातून वजा करून वसुलीची वर्षे पुन्हा मोजावीत. साडेआठ हजारांच्या फायद्यातून व्याज गेले की चित्र पालटते. काही पुरवठादार हप्त्याने देतात; रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव दोन्ही लिहून घ्यावेत, म्हणजे फरक उघडा पडतो. कापडाच्या दुकानदाराने आणखी एक पाहावे. रमजान आणि लग्नसराईच्या तोंडावर हातात असलेली रोकड मालात फिरली तर चार महिन्यांत परत येते, छतावर गेली तर चार वर्षांत. पॅनल घ्यायचेच असेल तर हंगाम संपल्यावर, उधारी वसूल झाल्यावर घ्यावे. योजनेचा कालावधी २०२६-२७ पर्यंत आहे, तेव्हा फार रेंगाळूनही चालणार नाही.

पुरवठादार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेलाच पाहिजे. अनुदान हवे असेल तर पॅनल आणि त्यातील सेल दोन्ही देशात बनलेले असले पाहिजेत. पाच वर्षे देखभाल त्याने करायची असते. ती करायला तो बंद घरी येणार कसा, किल्ली कोणाकडे राहील, फोन कोणाचा लागेल, हे बिलाच्या पाठीमागे त्याच्याकडूनच लिहून घ्या. शेवटी, नेट मीटरची जमा युनिटे त्याच मीटरच्या खात्यात राहतात. नांदुऱ्याच्या बंद घरावर तयार झालेली वीज खामगावच्या दुकानाच्या बिलातून साध्या नेट मीटरने वजा होत नाही. कोणी तसे सांगून तीन किलोवॉट गळ्यात मारत असेल तर त्याला महावितरणचे तसे पत्र दाखवायला सांगा.